विधानसभेनं मानसिक आरोग्याचा ठराव केला तर आपल्या कोल्हापुरात काय फरक पडेल?

आंबाघाट (धागाकर्ती)

माझी मावसबहीण कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोजवळ राहते. तिचे दीर बरीच वर्षं बायपोलरच्या गोळ्या घेतात, म्हणून ती तिथल्या कुटुंबीयांच्या एका गटात जाते. मागच्या मे महिन्यात या गटाला राज्याच्या विधानभवनात प्रेक्षक गॅलरीत बसवलं होतं, छातीला हिरव्या फिती लावून. अमेरिकेत मे हा मानसिक आरोग्य जागृतीचा महिना. १९४९ पासूनची प्रथा आहे, आणि तिथली राज्यंही आपापल्या सभागृहात तसा ठराव करतात.

तिनं सांगितलं ते असं. एका सदस्यानं ठराव मांडला, तीन-चार जण बोलले. त्यातल्या एकानं चक्क स्वतःच्या आईच्या आजाराबद्दल सांगितलं. मग सहप्रस्तावक कोण होणार म्हणून विचारलं, तर सदस्यांनी बटणं दाबली आणि भिंतीवरच्या फळ्यावर नावं उजळत गेली. आवाजी मतदान झालं, ठराव मंजूर. गॅलरीतल्या मंडळींना उभं राहायला सांगितलं, खालून टाळ्या. सगळं मिळून दहा-बारा मिनिटं. फोनवर सांगताना ती रडत होती.

मी आपलं कोल्हापुरी विचारलं, "मग मिळालं काय?"

तिनं ठरावाचा कागद पाठवला. आपल्या सरकारी भाषेत सांगायचं तर ज्याअर्थी अमुक, ज्याअर्थी तमुक, अशी दोन पानं, आणि शेवटी त्याअर्थी मे महिना जागृतीचा म्हणून घोषित. तो कायदा नाही, पैशाची तरतूद नाही, राज्यपालांची सहीसुद्धा लागत नाही. अख्ख्या कागदात एकच हुकूम आहे: मुख्य लिपिकानं ठरावाच्या प्रती योग्य त्या वाटपासाठी प्रस्तावकाकडे पाठवाव्यात. म्हणजे झेरॉक्स काढा.

आता माझं. माझा धाकटा भाऊ १९ वर्षं आजारी आहे. स्किझोफ्रेनिया. पहिल्यांदा त्याला रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात नेलं तेव्हा आंबा घाटात दाट धुकं होतं. जीपमध्ये तो मला म्हणाला, "ताई, गणपतीपुळ्याला चाललोय न्हवं?" मी हो म्हणाले.

आता तो घरीच असतो. गोळ्या घेतो, सकाळी दूध आणतो, दुपारी झोपतो. गल्लीत मात्र आम्ही अजून सांगतो की त्याची पुण्याची नोकरी सुटली.

म्हणून विचारते. आपल्या विधानसभेत कुणी उभं राहून "माझ्या घरी आहे" असं म्हणालं, तर इथं खाली काही हलेल का? का नुसत्याच टाळ्या?

---

पांढरा_रस्सा

ताई, राग मानू नका, पण काय उपयोग न्हाई. माझं कलेक्टर कचेरीच्या बाजूला झेरॉक्सचं दुकान हाय. बावीस वर्षं लोकांच्या ठरावांच्या प्रती काढतोय. ग्रामसभेचे ठराव, सोसायटीचे ठराव, दारूबंदीचे ठराव. एका गावाचा दारूबंदीचा ठराव मी स्वतः तीनदा काढलाय. तिसऱ्यांदा जे आले होते त्यातल्या एकाच्या तोंडाचा वास माझ्या काउंटरपर्यंत येत होता.

ठरावानं कागद वाढतो. तुमच्या अमेरिकेवाल्यांनी निदान खरं तरी लिहिलं की प्रती काढा म्हणून.

---

तालीम_बॉय

रस्सा काका +१. आमच्या कट्ट्यावरच्या निम्म्या पोरांना रत्नागिरीला ॲडमिट करा, मग महिना बिहिना साजरा करू 😄

---

आंबाघाट

@तालीम_बॉय, हा विनोद माझा भाऊ शेजारच्या खोलीत असताना मी निदान शंभरदा ऐकलाय. पुण्याकडे 'येरवड्याला पाठवा' म्हणतात, मुंबईकडे 'ठाण्याला', आपल्याकडे 'रत्नागिरीला'. गावं बदलतात, हसू तेच. तुम्ही मुद्दाम केला नाही हे समजतं मला.

---

तालीम_बॉय

सॉरी ताई. खरंच डोक्यात आलं नाही. काढून टाकायचा होता, पण एडिटची वेळ संपली.

---

पत्रकार_गॅलरी

मी मुंबईत आणि नागपुरात मिळून बरीच अधिवेशनं पत्रकार कक्षात बसून काढली आहेत. आता निवृत्त, मुक्काम राजारामपुरी. दोन-तीन गोष्टी सांगतो.

आपल्याकडेही सभागृहात शोभेचं कामकाज भरपूर असतं. अभिनंदनाचे प्रस्ताव, शोकप्रस्ताव. आमदारांना एखादा विषय ठराव म्हणून आणायचा तर अशासकीय ठराव असतो. त्याचा वार शुक्रवार, आणि शुक्रवारी अर्धं सभागृह गावाकडच्या गाडीत बसलेलं असतं. तो मंजूर झाला तरी ती सरकारला केलेली शिफारसच.

पण लक्षवेधी सूचना हे वेगळं हत्यार आहे. तिच्यावर मंत्र्याला सभागृहात उत्तर द्यावं लागतं. आणि मंत्री एकदा का म्हणाले की "अमुक करू", "तपासून कारवाई करू", की ते आश्वासन ठरतं. आश्वासनांचा पाठपुरावा करायला विधिमंडळाची स्वतंत्र आश्वासन समिती आहे. ही समिती पेपरात फारशी येत नाही, पण खात्याचे सचिव तिच्यापुढे जायचं म्हटलं की फायली शोधायला लागतात, हे मी पाहिलंय.

दुसरं, कॅलिफोर्नियाला नुसतं टाळ्यांचं राज्य समजू नका. त्यांनी २००४ साली सार्वमतानं कायदा केला: वर्षाला दहा लाख डॉलरच्या वर ज्याचं उत्पन्न, त्याच्या त्या वरच्या रकमेवर एक टक्का जादा कर, आणि तो पैसा मानसिक आरोग्य सेवेला. २०२४ मध्ये पुन्हा मतदान घेऊन त्या पैशाच्या वाटपाचे नियम बदलले, त्यावरून तिथं भांडणंही झाली. म्हणजे टाळ्या एकीकडे आणि तिजोरी दुसरीकडे, दोन्ही आहेत. आपल्याकडे दोन्हींपैकी काय आहे ते बघायला हवं.

---

ओपीडी_नंबर

मी मनोविकार विभागात समाजसेविका आहे. सरकारी दवाखान्यात. कुठल्या ते सांगत नाही, नोकरी आहे.

पत्रकार काका, आपल्याकडे कायदा आहे, आणि कागदावर तो कॅलिफोर्नियाच्या ठरावापेक्षा शंभर पट दणकट आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७. मे २०१८ पासून लागू. १९१२ चा जुना कायदा माहितीय का? त्याच्या नावातच 'ल्युनसी' होतं. मग १९८७ चा आला, आणि आता हा. यात १८ व्या कलमानं सरकारी खर्चानं चालणारी मानसिक आरोग्य सेवा मिळणं हा प्रत्येकाचा हक्क केलाय. परवडेल अशी आणि पोचता येईल अशा अंतरावर. साखळीनं बांधणं बंद. भूल न देता शॉक देणं बंद. विमा कंपनीनं शरीराच्या आजाराला जो न्याय लावला तोच मनाच्या आजाराला लावायचा. आणि १९ वं कलम म्हणतं की घरचे नेत नाहीत एवढ्याच कारणासाठी कुणाला मनोरुग्णालयात ठेवून घ्यायचं नाही.

आता 'पोचता येईल अशा अंतरावर' हे शब्द घेऊन आंबा घाट चढा. राज्यात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार: ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. येरवड्याच्या मंजूर खाटा २५४०, रत्नागिरीच्या ३६५. कोल्हापूरहून रत्नागिरी सव्वाशे-दीडशे किलोमीटर. पावसाळ्यात घाटात दरड आली की नातेवाइकांची भेट पुढच्या महिन्यावर.

पण मला खाटांपेक्षा गोळ्यांचं जास्त बोलायचंय. माझ्याकडे परत परत ॲडमिट होणारी जी माणसं येतात, त्यातली बरीच गोळ्या सुटल्यामुळे येतात. सुटतात का? तर गावात मिळत नाहीत, तालुक्याला यायचं तर एक रोजगार बुडतो, आणि दोन महिने बरं वाटलं की घरचेच म्हणतात, "आता बास झालं की, किती खायच्या." जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून देशात सुरू झालाय, तो नेमका यासाठी: तज्ज्ञानं गावाकडे जायचं, गोळ्या गावाजवळ मिळायच्या. जिथं डॉक्टर ठरल्या दिवशी जातात आणि औषध साठ्यात असतं, तिथं मी डोळ्यांनी फरक बघितलाय. एक बाई होत्या, सहा वर्षं घराबाहेर पडल्या नव्हत्या. आता बचत गटाचं पासबुक त्याच सांभाळतात. सोमवारी मला पापड आणून देतात, मला खारट लागतात, तरी खाते.

आणि ताई, तुमच्या त्या 'हो'बद्दल. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक घरांनी असं काहीतरी सांगूनच आणलेलं असतं. जत्रेला चाललोय, साखरेची तपासणी आहे, नोकरीची मुलाखत आहे. तुम्ही एकट्या नाही.

---

शिरोळचा_काठ

मे महिना काय करायचाय. आमचा महिना ऑगस्ट.

पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. ही दोन आकडे आमच्या तालुक्यात शाळेतल्या पोराला पाढ्याआधी पाठ असतात. २०१९ ला घर गेलं, २०२१ ला पुन्हा पाणी. आता जुलैत चार दिवस सलग पाऊस लागला की आई कपाटातली कागदं पिशवीत भरून उशाला घेते. रात्रीत चार वेळा उठून विचारते, "पाणी किती फूट?" म्हशींच्या दावणीशी जाऊन उभी राहते. पाणी पंचवीस फुटांवर असतं हो, तरी. सप्टेंबर आला की बरी.

डॉक्टरला दाखवलं नाही. काय सांगायचं, पावसाला भिते म्हणून? गावात निम्म्या बायका तशाच हायत. २०१९ ला मदत आली तेव्हा तांदूळ, चादरी, बिस्किटं आली. चांगली माणसं आली होती, नाव ठेवत नाही. पण आईला झोप येते का, हे कुणी विचारलं नाही. पंचनाम्याच्या फॉर्मात तो रकानाच नसतो.

---

ओपीडी_नंबर

@शिरोळचा_काठ, दादा, आईंना दाखवा. "पावसाला भिते" एवढंच सांगा, पुरेसं आहे, पुढचं विचारायचं काम आमचं. पुरानंतरची ही अवस्था आम्हाला नवी नाही, आणि तिच्यावर उपाय आहेत. सगळ्यांना गोळ्याच लागतात असंही नाही. जूनमध्येच आणा, पाणी चढायच्या आधी.

---

अभ्यासिका_रात्रपाळी

मी स्पर्धा परीक्षा करतो. तिसरा प्रयत्न. मागच्या वर्षी निकालानंतर एका रात्री १४४१६ ला फोन लावला होता. टेली मानस. सरकारची फुकट हेल्पलाइन, २०२२ च्या १० ऑक्टोबरला सुरू झाली, म्हणजे जागतिक मानसिक आरोग्य दिनाला. हे मला पाठ आहे कारण चालू घडामोडीत लिहून काढलं होतं 🙂 उत्तरासाठी पाठ केलेला नंबर स्वतःला लावीन असं वाटलं नव्हतं.

मराठी निवडली. पलीकडून एक बाई होत्या. पहिलं काय विचारलं तर "जेवलायस का?" जेवलो नव्हतो. चाळीस मिनिटं बोललो. दुसऱ्या दिवशी सकाळी बसस्थानकाजवळ पोहे खाल्ले.

एवढंच. ठराव वगैरे कळत नाही. पण हा नंबर अभ्यासिकेच्या भिंतीवर लावायला मालक तयार नव्हते, म्हणाले "पोरं घाबरतील, ॲडमिशन कमी होतील." सभागृहात कुणी याच्याबद्दल बोललेलं टीव्हीवर दिसलं असतं तर कदाचित लावला असता.

---

पांढरा_रस्सा

बाळा, तो कागद मला पाठव. माझ्या दुकानाच्या काचेवर लावतो. माझी ॲडमिशन कमी होत न्हाईत.

---

जुना_करवीरकर

चर्चा चांगली चालली आहे. पण कोल्हापुरात बसून जाहीरनाम्यांना नावं ठेवताय म्हणून थोडं लिहितो.

२६ जुलै १९०२. शाहू महाराजांनी करवीरच्या गॅझेटात हुकूम काढला की यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांना द्याव्यात. तोही कागदच होता. पण त्यात आकडा होता, आणि खातेप्रमुखांनी हिशेब कळवायचा होता. पुढं सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला, त्यात पोर शाळेत न पाठवणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. दंड ठेवला म्हणून ते नुसतं शिक्षणाच्या महतीवरचं भाषण राहिलं नाही.

आता दुसरी बाजू. ६ मे २०२२ ला महाराजांच्या स्मृतिशताब्दीला सकाळी दहा वाजता अख्खं कोल्हापूर शंभर सेकंद थांबलं होतं. आठवतंय? मी दसरा चौकात होतो. रिक्षावाल्यानं इंजिन बंद केलं, भाजीवाली हातातली मेथीची जुडी तशीच धरून उभी. त्या शंभर सेकंदांत कुणाला दमडी मिळाली नाही. पण माझा नातू घरी येऊन विचारायला लागला, आजोबा, त्यांनी केलं काय होतं? तिथून पुढं दोन दिवस मी त्याला सांगत होतो.

तेव्हा रस्साभाऊ, शंभर सेकंद उभं राहणं फुकट नसतं. पण दंडाचा तो एक रुपयाही लागतो. ठराव करणाऱ्यानं स्वतःवर कसलं बंधन घालून घेतलंय, ते आधी बघावं.

अवांतर: उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचसाठी या शहरानं किती वर्षं आंदोलनं केली ते वकील मंडळींना विचारा. १८ ऑगस्ट २०२५ ला ते सुरू झालं. ठराव त्यातही पोत्यानं झाले होते, आणि काही तुमच्याच दुकानातून गेले असतील.

---

पांढरा_रस्सा

गेलेत की. हिशेब ठेवला असता तर बंगला झाला असता.

---

पत्रकार_गॅलरी

करवीरकरांनी नेमकं पकडलं. त्यावरून सुचलं ते लिहितो. ताईंना खरंच काही करायचं असेल तर आमदारांकडे ठराव मागू नका, लक्षवेधीचा मसुदा द्या. मसुदा तयार हातात दिला की काम सोपं होतं, त्यांनाही नवं काहीतरी हवंच असतं.

त्यात काय विचारायचं? भाषण नको, आकडे मागा. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेनं २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. प्रौढांत सर्वसाधारण १०.६ टक्क्यांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता, आणि आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोक उपचाराबाहेर होते. पण ते सर्वेक्षण १२ राज्यांत झालं आणि त्या बारांत महाराष्ट्र नव्हता. गुजरात होतं, मध्य प्रदेश होतं, आपण नव्हतो. म्हणजे पहिला प्रश्न हाच, की राज्यानं स्वतःची मोजणी केली आहे का, कधी करणार. दुसरा, रत्नागिरीच्या त्या ३६५ खाटांवर कोल्हापूर, सांगलीचे रुग्ण किती, आणि बरे होऊनही घरी न गेलेले किती. तिसरा ओपीडी ताईंचा: गेल्या वर्षभरात जिल्ह्यात कुठली औषधं किती दिवस साठ्यात नव्हती. या तिसऱ्याला मंत्री सगळ्यात जास्त चाचरतील.

---

ओपीडी_नंबर

त्यात पुनर्विलोकन मंडळही घाला. दाखल केलेल्या माणसाला किंवा त्याच्या घरच्यांना तक्रार असेल तर कायद्यानं मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे दाद मागता येते. आपल्या जिल्ह्याची दाद कुठं ऐकतात आणि वर्षात किती बैठका झाल्या, हे विचारा. दहा घरांत विचारलंत तर नऊ घरांना असं मंडळ असतं हेच ठाऊक नसेल.

---

शिरोळचा_काठ

पंचनाम्यातला रकाना पण लिहा.

---

आंबाघाट

लिहिते. सगळं लिहून काढलंय, काल रात्री अकरापर्यंत बसले होते. शिरोळच्या दादांचा रकाना चौथा प्रश्न केलाय, शब्द असे: "पूरग्रस्त कुटुंबांच्या पाहणीत मानसिक त्रासाची नोंद घेण्याची तरतूद आहे काय, नसल्यास केव्हा करणार?" पत्रकार काका, भाषा बघून द्या. 'काय' शेवटी आला की सरकारी वाटतं, म्हणून ठेवलाय.

आता मी सुरुवातीला विचारलं होतं त्यावर. मावसबहिणीला परत फोन केला होता. तिला म्हटलं, दहा मिनिटांच्या टाळ्यांना तू का रडलीस? ती म्हणाली की तिचे दीर तिच्या शेजारीच बसले होते गॅलरीत. उभं राहायला सांगितलं तेव्हा ती उठायच्या आधी ते उठले.

हे मी भावाला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मुंबईच्या विधानभवनात आत सोडतात?" पास काढावा लागतो म्हटलं. "मग काढ की," म्हणाला, आणि दूध आणायला गेला.

पत्र सोमवारी आमदारांच्या कार्यालयात देणार. सोबत जिल्ह्यातल्या बाकीच्या आमदारांना, आरोग्य खात्याला, जिल्हाधिकाऱ्यांना. दहा आमदार धरून बारा-तेरा प्रती लागतील.

---

पांढरा_रस्सा

पंधरा काढू. दोन तुमच्याकडं राहू द्यात, पोच घ्यायला लागतीया. सोमवारी साडेनऊला शटर उघडतो, कचेरी सुरू व्हायच्या आधी या. पैसं न्हाईत घेणार. भावाला घेऊन आला तर च्या पण पाजतो.